मॉरिस माझ्याच घरात राहत होता

१२ सप्टेंबर १९२७, सोमवार

अकरा दिवस. मॉरिस त्या पलीकडच्या टिबेट्सबाईकडे मोजून अकरा दिवस राहिला, तेही माझ्या घराला रंग लागत होता आणि त्या वासानं त्याचं डोकं उठत होतं म्हणून. आणि आता तो वारल्यावर पितळी पाटी लागणार कुणाच्या दारावर, तर तिच्या. 'लाडके संगीतकार मॉरिस सेल्विन या घरात राहिले आणि इथेच त्यांनी आपली गाणी रचली.' आजच्या पेपरात आलंय. माझ्याकडे राहणाऱ्या मिस लारूनं न्याहारीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी कॉफी कपात ओतायची ती बशीत ओतली. सात वर्षं तो माझ्याकडे होता. एक्कावन्न नंबर, तिसरा मजला, मागची खोली. आला तेव्हा त्याचं नाव मोइशे झेलनिक होतं आणि त्याच्याकडे एकच कॉलर होती. ती रोज कोण धुवायचं, टिबेट्सबाई?

नुसत्या पाटीचं असतं तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण त्याची गाणी छापणारी लिंडावर कंपनी ज्या घरावर पाटी लावणार, त्याचा तळमजलाही भाड्यानं घेणार आहे. तिथं त्याचा पियानो, त्याच्या टोप्या, त्याचे फोटो मांडणार. आणि बरोबर याच आठवड्यात आमच्या घरमालकाचा माणूस येऊन सांगून गेला, की एक नोव्हेंबरपासून घर फरवाल्यांना, कातड्यांचे कोट विकणाऱ्यांना. सगळा अठ्ठाविसावा रस्ता आता फरवाल्यांचा झालाय, हवेत उंदराच्या लवेसारखे केस उडतात आणि दिवसभर शिंका. मी म्हटलं, बाबा रे, एकवीस माणसं जेवतात इथं. तो म्हणाला, तळमजल्याला एखादी भारदस्त कंपनी भाडेकरू म्हणून आणा, मालक तुम्हाला हात लावणार नाही. म्हणजे ती पाटी माझ्या दारावर लागली तर घर राहतं. टिबेट्सच्या दारावर लागली तर मी पन्नाशीनंतर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बटाटे सोलते. टिबेट्सचं तर घर स्वतःचं आहे.

ही वही फादर कीओंच्या सांगण्यावरून. शनिवारी कबुली द्यायला गेले, तर ते जाळीमागून म्हणाले, "डेलिया, तुझ्यामागे रांग रस्त्यापर्यंत गेलीय. राग घरी लिहून काढ आणि इथं फक्त पापं आण." मी शाळेत तीन हिवाळे गेले, पण लिहिता येतं.

१३ सप्टेंबर, मंगळवार

टिबेट्सकडे गेले. मुद्दाम पुढच्या दारानं.

"ये डेलिया, ये. पाटी बघायला आलीस ना? अजून घडतेय ती."

"मी तुझं तोंड बघायला आले. लोकांना कसं दाखवतेस ते बघावं म्हटलं."

"अगं, राहिला ना तो माझ्याकडे? राहिला. मग मी खोटं कुठं बोलले?"

"अकरा दिवस."

"असतील. पण हुशार माणूस एका रात्रीत गाणं रचतो."

"तुझ्याकडे तो रात्रभर ढेकूण मारायचा. मला येऊन सांगायचा."

तिनं ऐकलंच नाही असं केलं आणि दिवाणखान्यात नेलं. तिथं पियानो, वर मखमल, मखमलीवर मेणबत्त्या, जसा काही संताचा हात पेटीत ठेवलाय. झाकण उघडून म्हणते, "बघ. या पांढऱ्या पट्ट्या बघ कशा झिजल्यात. त्याची बोटं."

मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. मॉरिसनं जन्मात पांढऱ्या पट्टीला हात लावला नाही. तो शिकलेला नव्हता. बोवरीवरच्या एका दारूच्या गुत्त्यात त्यानं कानानं वाजवायला सुरुवात केली, ती फक्त काळ्या पट्ट्यांवर, आणि शेवटपर्यंत तसंच वाजवलं. सगळी गाणी काळ्यांवर. वाजवायचा तो, आणि कागदावर उतरवायचे माझ्याच घरात राहणारे मिस्टर कॅप्स. माझ्या पियानोच्या काळ्या पट्ट्या मधोमध खोलगट झाल्यात, आतलं लाकूड दिसतं, आणि पांढऱ्या अजून पहिल्या दिवसासारख्या, कारण त्यांना सात वर्षांत फक्त माझं फडकं लागलं. हे सगळं मी तिला तिथंच सांगितलं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येईपर्यंत हसत होते.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

लिंडावर कंपनीत जाऊन आले. पूर्वी आमच्याच रस्त्यावर होती, आता वर सत्तेचाळिसाव्या रस्त्याला आहे, लिफ्टवाल्या इमारतीत. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खुराडी, प्रत्येक खुराड्यात एक पियानो आणि एक माणूस, सगळे एकदम वाजवतायत. दहा बायका दहा वेगवेगळी भांडणं करतायत असं वाटतं. मॉरिस म्हणायचा की यातूनच गाणं निघतं. मला तर फक्त डोकेदुखी निघाली.

मिस्टर लिंडावर म्हणजे जुन्या म्हाताऱ्या लिंडावरचा मुलगा. टक्कल पडलंय, बोलायला मऊ.

"आपण लेखी कळवावं, मिसेस मुलक्वीन."

"मी लेखी कळवत नाही. मी जेवायला बोलावते. दोन्ही पियानो बघा आणि मग ठरवा."

"टिबेट्सबाईंकडे त्यांचा सहीचा फोटो आहे."

"माझ्याकडे त्याची सात वर्षं आहेत. आणि घर सोडून गेला तेव्हा पियानो मला ठेवून गेला, पुढं दर नाताळाला एक बदक पाठवायचा. फोटो तो खाटकालासुद्धा द्यायचा."

तो हसला. चोवीस तारखेला शनिवारी येतो म्हणाला.

घरी येऊन मिस्टर कॅप्सना म्हटलं, तुम्ही साक्ष द्या. एकवीस वर्षं माझ्याकडे आहात, प्रत्येक गाणं तुमच्या हातानं कागदावर उतरलंय. तर हे गृहस्थ कानापर्यंत लाल.

"मी फक्त लिहिणारा माणूस, बाई. माझं कोण ऐकणार? आणि मी तुमच्या टेबलावर जेवतो हे सगळ्यांना माहीत आहे."

"जेवता, ते तरी वेळेवर जेवता का?"

हे मात्र लिहून ठेवायलाच हवं. बाकी सगळी माणसं पहिल्या हाकेला खाली येतात. कॅप्सना मला रोज दुसरी हाक मारावी लागते. बाकी सगळ्याला हा माणूस घड्याळासारखा आहे, बँडवाल्यांची स्वरलिपी उतरवायची कामं आदल्या दिवशी तयार असतात. जेवायला मात्र दोनदा. मला वाटतं एका कानानं कमी ऐकू येतं. विचारलं तर म्हणतात, नाही, मला छान ऐकू येतं.

१९ सप्टेंबर, सोमवार

धुण्याचा दिवस, म्हणजे कोबी आणि खारवलेलं मांस. खिडक्या उघड्या होत्या. मी नेहमीसारखी जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक मारली. माझी हाक म्हणजे दोन लांब, मग दम, मग तीन तुकडे, कारण गुडघा दुखतो आणि वर चढायचं नाही तर आवाजालाच चढवावं लागतं. कॅप्ससाठी दुसरी हाक मारते तोच बाहेर फरच्या गाडीवरचा एक माणूस पुढचं शीळ घालून पुरं करायला लागला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय रे, गाढवा, चेष्टा करतोस?"

"नाही हो काकू. तुम्ही सुरू केलंत, मी पुढचं म्हटलं."

"मी काही सुरू केलं नाही. कोबी झालाय म्हणून सांगतेय."

खिडकी लावून घेतली. वर बघते तर मिस्टर कॅप्स जिन्यात उभे, कठडा धरून, आणि चेहऱ्यावर असं हसू की जसं काही कुणी त्यांना बक्षीस दिलंय. मी म्हटलं, थंड होतंय.

२१ सप्टेंबर, बुधवार

उचलली जीभ लावली टाळ्याला. हीच माझी खोड, आणि आता हीच मला रस्त्यावर आणणार.

मिस लारू टिबेट्सकडे टोपी विकायला गेली होती. (पूर्वी ती नाटकगृहात कुत्र्यांना उड्या मारायला लावायची, आता टोप्या विकते. म्हणते, गिऱ्हाईकं जास्त चावतात.) येऊन सांगते की टिबेट्सच्या पियानोच्या काळ्या पट्ट्या आता झिजल्यात. आठ दिवसांत. सुतार आला होता, कानस घेऊन. आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "मॉरिसनं जन्मात पांढऱ्या पट्टीला हात लावला नाही, बरं का." माझंच वाक्य.

म्हणजे आता दोन पियानो, दोन्हींच्या काळ्या झिजलेल्या. मी स्वतःच्या तोंडानं माझा पुरावा तिला घरपोच दिला. आज सूप खारट झालं. तरी सगळ्यांनी तळापर्यंत संपवलं, यावरून माझा चेहरा कसा असेल ते कळतं.

२४ सप्टेंबर, शनिवार

लिंडावर आला, दोन्ही घरं बघून गेला. टिबेट्सनं केक केला होता. मी केक करत नाही, मी स्ट्यू केलं आणि त्यानं दोनदा घेतलं. पण पियानोकडे बघून मान हलवली.

"दोन बायका, दोन पियानो, आणि दोन्ही काळ्या पट्ट्या. मिसेस मुलक्वीन, मी काय करू?"

"तिच्या पट्ट्यांचा वास घ्या. कानशीचा वास येतो."

"माझा विश्वास तुमच्यावर आहे. पण पाटीवर माझ्या कंपनीचं नाव आहे. त्या काळातला एखादा कागद नाही का? गाण्याचा कच्चा कागद, तारखेचा, या घराचा नंबर असलेला?"

मी कॅप्सकडे बघितलं. कच्चं सगळं तेच लिहायचे. कॅप्स काट्याकडे बघत म्हणाले, "जाळलं. सगळं जाळलं. मागंच."

हा माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याच्या मिशासुद्धा खोटं बोलतात. लिंडावरनंही ते पाहिलं असावं. पंधरा दिवस थांबतो म्हणाला. मग जातानाच दारात उभा राहून मला म्हणतो, "सेल्विन साहेब माझ्या वडिलांना सांगायचे, माझी सगळी गाणी मला जेवणाच्या आधी सुचतात." मी म्हटलं, उपाशी माणसाला काहीही सुचतं.

मॉरिसची आठवण आली. ज्या वर्षी 'खाली उतर, लुएला' खपायला लागलं, त्या वर्षी हर्षानं नाचत स्वयंपाकघरात आला, माझ्या पिठाच्या हाताला धरून गोल फिरवलं आणि म्हणाला, "मिसेस एम, सगळा देश तुमच्या टेबलाशी येतोय." मी म्हटलं, एवढ्या ताटल्या कुठून आणू. तो हसला, मग काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात दूध उतू गेलं. ही लुएला कोण ते मला कधी कळलं नाही. माझ्याकडे त्या नावाची कुणी राहिलेली नाही. आणि ते गाणं मला अजून आवडत नाही. कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय असंच वाटतं. पण मला गाण्यातलं काय कळतं? आमच्या गावच्या सिस्टरनी मला प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं, डेलिया, तू नुसते ओठ हलव.

२७ सप्टेंबर, मंगळवार

आज गाद्या उलटायचा दिवस. कॅप्स बाहेर गेलेले. त्यांच्या गादीखाली तीन वह्या.

चोरून बघितलं असं कुणी म्हणू नये. गादी माझी आहे.

आत सगळ्या पाच-पाच रेघा आणि त्यांवर माशा बसल्यासारख्या खुणा. बाजूला बारीक अक्षरात जर्मन. ते मला वाचता येत नाही, पण तारखा येतात, आणि पहिल्याच पानावर आमच्या घराचा नंबर आणि रस्ता. मार्च १९०८. देवाची कृपा, माझा कागद सापडला. आणि गंमत अशी की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छोटं चित्र. कुठं कोबीचा गड्डा. शुक्रवारी मासा. कुठं वाटाणे. या माणसानं एकोणीस वर्षं माझ्या जेवणाची नोंद ठेवलीय. शुक्रवारच्या माशाखाली त्यानं जे लिहिलंय त्यावर मॉरिसच्या अक्षरात इंग्रजीत खरडलंय, 'बंदरावर भेटू'. ते गाणंही पुढं खूप चाललं होतं. मासा आणि बंदर, एवढं मलाही कळतं.

तक्रारी असतील तर तोंडावर सांगाव्यात. वीस वर्षं जर्मनमध्ये कोबी खारट म्हणून लिहीत बसण्यापेक्षा मीठ कमी करा म्हणायचं.

एक वही घेतली. बाकीच्या दोन जागच्या जागी ठेवल्या आणि चादर ताणून लावली.

२९ सप्टेंबर, गुरुवार

आज जे झालं ते मला नीट कळलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

लिंडावरला वही दिली. म्हटलं, तारीख बघा, नंबर बघा, आणि पाटी माझ्या दारावर आणा. त्याला जर्मन येतं, बापाची भाषा. उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं आणि हसला. दुसरं वाचलं, हसणं थांबलं. तिसऱ्याला उठून दार लावून घेतलं. मग बराच वेळ वाचत बसला. मी भिंतीवरचे मॉरिसचे फोटो मोजले. चौदा.

"मिसेस मुलक्वीन, तुम्ही तुमच्या माणसांना जेवायला कसं बोलावता?"

"तोंडानं."

"म्हणजे, कसं? मला करून दाखवाल?"

मला वाटलं, माझी खरंच खानावळ आहे की नाही ते तपासतोय. मी उभी राहिले, कंबरेवर हात ठेवले आणि मारली हाक. सोमवारची, कोबीची. जिना नव्हता म्हणून जरा जास्तच लागली. बाहेर बोळातले सगळे पियानो थांबले. एकही वाजेना. मग एका खुराड्यातून कुणीतरी 'लुएला' वाजवायला लागला आणि दुसरा त्याला म्हणाला, गप्प बस, आतून कुणीतरी गातंय.

लिंडावरनं मला पाणी दिलं, पण गरज त्याला होती.

"हे तुम्ही कुणाला दाखवलंत? एखाद्या वकिलाला?"

"वकील कोबीचं काय करणार?"

मग त्यानं रुमालानं टक्कल पुसलं आणि भरभर बोलला. पाटी माझ्याच दारावर. तळमजला पाच वर्षांसाठी कंपनी घेणार. घरमालकाशी तो स्वतः बोलणार. फक्त या वह्या, जेवढ्या असतील तेवढ्या, कंपनीच्या तिजोरीत राहतील. मी म्हटलं, सही होईपर्यंत वही माझ्याकडे. आणि काढून घेतली त्याच्या हातातून. त्यानं सोडायला जरा वेळ लावला.

घर वाचलं. खाली आले ती लिफ्टची वाटसुद्धा न बघता जिन्यानं, दुखऱ्या गुडघ्यानं.

३० सप्टेंबर, शुक्रवार

मला वाटलं होतं, कॅप्स खूश होतील. मासे उकळत असतानाच सांगितलं. त्यांचा चेहरा माशासारखा पांढरा झाला.

"वही तुम्ही त्यांना दिलीत?"

"दाखवली. आहे माझ्या पिठाच्या डब्यात."

"देऊ नका, बाई."

"का? तुमचीच ना? दुसरी आणून देते, कोरी. पन्नास आणून देते."

"घर गेलं तर जाऊ दे. पण ती वही देऊ नका."

एकवीस वर्षांत मिस्टर कॅप्स माझ्याशी चढ्या आवाजात बोलले नव्हते. मी म्हटलं, घर गेलं तर जाऊ दे? कुणाचं घर? तुम्ही कुठं जाणार आहात, झाडावर? माझ्या माशांच्या नोंदीसाठी एकवीस माणसं रस्त्यावर काढू? ते सरळ वर गेले. दोन हाका मारल्या, तीन मारल्या, खाली आले नाहीत. ताट झाकून जिन्यात ठेवलं. मिस लारूचा कुत्रा खाऊन गेला.

३ ऑक्टोबर, सोमवार

कंपनीचा कागद आला. सही करायची तारीख दहा, पुढचा सोमवार. मिस लारूनं वाचला, मी बटाटे सोलत ऐकला. पाटी, तळमजला, पाच वर्षं, सगळं ठीक. मग ती थांबली.

"'मिसेस डेलिया मुलक्वीन या मॉरिस सेल्विन यांच्या कुठल्याही गाण्यावर, चालीवर किंवा चालीच्या भागावर आज अथवा पुढे कधीही हक्क सांगणार नाहीत.'"

"मी कशाला हक्क सांगेन? मला दोन ओळी सुरात म्हणता येत नाहीत."

लारू माझ्याकडे बघत राहिली, मग छताकडे, म्हणजे तिसऱ्या मजल्याकडे. "डेलिया, तू खरंच..." म्हणाली. मी म्हटलं, मी खरंच काय? ती म्हणाली, "काही नाही. मी तुझ्या जागी असते तर सोमवारपर्यंत पेन हातात धरलं नसतं."

दुपारी टिबेट्स आली, मागच्या दारानं.

"काय दाखवलंस त्याला? माझा तो सहीचा फोटो परत पाठवला त्यानं. केकचे आभारसुद्धा मानले नाहीत."

"मी वही दाखवली."

"कसली?"

"कोबीची."

"नको सांगूस तर नको सांगूस," ती म्हणाली. "माझ्या पियानोची वाट लागली ती लागली. काळ्याही गेल्या, पांढऱ्याही गेल्या." मग खुर्चीत बसली आणि कोबी मागून घेतला. खाताना म्हणते, "एक सांगू? अकरा दिवस होता ना माझ्याकडे, एक ओळ लिहिली नाही. नुसता खिडकीत बसायचा, तुझ्या घराकडे कान लावून. मी म्हटलं, काय ऐकतोस? म्हणाला, जेवायची वेळ झाली का बघतो." मी म्हटलं, तुझ्या हातचं खाऊन कुणीही तेच करील. पण नंतर भांडी घासताना तेच डोक्यात राहिलं.

५ ऑक्टोबर, बुधवार

टिबेट्सनं ग्रामोफोन लावला होता, खिडकी उघडी टाकून. मी जेवायची हाक मारली आणि त्याच वेळी पलीकडून तोंडावर मारल्यासारखी तीच हाक परत आली. दोन लांब, दम, तीन तुकडे. मला वाटलं, बाई मला वेडावते. खिडकीशी गेले, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. ती दिसत होती, सोफ्यावर पाय वर करून, डोळे मिटून. वेडावत नव्हती. तबकडी वाजत होती. 'लुएला'.

तबकडी मला कशी वेडावेल? ती तर एकोणीस वर्षांपूर्वीचं गाणं म्हणतेय.

मी स्वयंपाकघरात आले आणि हळूच, दार लावून, एकदा हाक मारली. कुणाला बोलवायचं नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं. मग शुक्रवारची माशाची मारली, ती जरा वेगळी असते, शेवटी खाली उतरते. मग खुर्चीत बसले. रस्सा करपला. लोकांनी करपलेला खाल्ला.

६ ऑक्टोबर, गुरुवार

मी तीन हिवाळे शाळेत गेले, याचा अर्थ मी मूर्ख आहे असा नाही. या घरात जे मिस लारूला कळतं, लिंडावरला पहिल्या तीन पानांत कळतं, टिबेट्सलासुद्धा अर्धं कळतं, ते मलाच कळू नये अशी व्यवस्था कुणीतरी केलेली आहे, आणि तो कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर पुढच्या खोलीत राहतो. आज दिवसभर मला टाळतोय. म्हणून ही चिठ्ठी त्याच्या ताटलीखाली ठेवणार आहे. वहीत उतरवून ठेवते, म्हणजे नंतर 'मला असं काही सांगितलं नव्हतं' असं म्हणायला नको.

मिस्टर कॅप्स,

तुमची वही पिठाच्या डब्यातून काढून माझ्या उशीखाली ठेवली आहे. बाकीच्या दोन तुमच्या गादीखाली आहेत हे मला माहीत आहे. त्या हलवू नका.

त्या तिन्ही वह्यांत काय लिहिलंय ते मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. चित्रांसकट. त्या चालींत माझं काही असेल तर माझं म्हणा, मॉरिसचं असेल तर त्याचं म्हणा. तो चांगला मुलगा होता, मी त्याच्यावर रागावणार नाही, आणि मेलेल्या माणसाशी मी भांडत नाही. माझं काही निघालं तर लिंडावरच्या कागदावर मी सही करणार नाही. मग तो माझ्या कागदावर करेल, टोपी काढून, माझ्या स्वयंपाकघरात, आणि तळमजला तर त्याला घ्यावाच लागेल. आणि पाटीवर काय लिहायचं तेही मी सांगेन. काहीच निघालं नाही तर मी त्याची सही करून मोकळी होईन, आणि आपण पुन्हा याबद्दल बोलायचं नाही.

दुसरी गोष्ट. माझा आवाज कुणी वहीत धरून ठेवावा असा नाही, हे मला लहानपणापासून सांगितलं गेलंय. मग तुम्ही तो एकोणीस वर्षं का धरून ठेवलात, आणि घरापेक्षा तो मोठा कसा झाला, आणि हे मला एकदाही तोंडावर का नाही सांगितलंत, त्याचंही उत्तर द्या. हे उत्तर वहीतलं वाचून नको. तुमच्या तोंडचं हवं. लाल झालात तरी चालेल.

रविवारी, नऊ तारखेला, मी नऊची मिसा आटोपून चर्चमधून येते. बारा वाजेपर्यंत स्वयंपाकघरात मी एकटीच असेन, लारूला सांगून ठेवलंय. बारापर्यंत उत्तर हवं. आणि जर्मनमध्ये नको.

डेलिया मुलक्वीन